फरशी पुन्हा नवी कशी होते?

लाकडी फ्लोअरिंगच्या दुकानात चार शब्द हमखास कानावर पडतात : सॉलिड, इंजिनिअर्ड, लॅमिनेट आणि एसपीसी. चारही नमुने शेजारी शेजारी ठेवले, तर लांबून फरक ओळखणं कठीण. तोच सागाचा किंवा ओकचा रंग, त्याच रेषा, त्याच गाठी. भावात मात्र कित्येक पटींचा फरक. दुकानदार जाडीबद्दल सांगतो, वॉरंटीबद्दल सांगतो, ओरखड्यांबद्दल सांगतो. हे चारही प्रकार कधी आणि कशासाठी जन्माला आले, हे सांगणं काही त्याचं काम नाही.

पण ते कळलं की निवड बरीच सोपी होते. यातला प्रत्येक प्रकार कुणाच्या तरी जुन्या अडचणीवरचा उपाय आहे. कुणाची तुळई कुजत होती, कुणाला लाकूड पुरत नव्हतं, कुणाला घरकामाला माणसं मिळत नव्हती. ती अडचण आपली आहे की नाही, एवढंच आपण बघायचं. आणि चारही प्रकारांना एकच प्रश्न विचारायचा : झिजल्यावर ही फरशी पुन्हा नवी कशी होते?

डोक्यावर लाकूड, पायाखाली माती

आधी आपल्याच घरापासून सुरुवात करू. ‘जुन्या वाड्यांमध्ये लाकडी फरशी असायची’ असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. देशावरच्या वाड्यांत वरचा मजला कडीपाटाचा असे. भिंतीतल्या खांबांवर जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. मात्र या फळ्यांवर थेट कुणी चालत नसे. त्यांवर मातीचा थर घालत, चोपून घट्ट करत आणि वरून शेणाने सारवत. म्हणजे खालच्या खोलीतल्या माणसाला ते लाकूड छत म्हणून दिसे. वरच्या खोलीतल्या माणसाच्या पायाला लागे ती माती. बसायला-जेवायला पाट घेत. घरातलं लाकूड अंगाला लागायचं ते बहुधा तिथंच.

सारवलेली जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा नवी व्हायची. खड्डा पडला तर बुजवायचा, पोपडा निघाला तर लिंपायचं. सामान फुकट होतं. मेहनत फुकट नव्हती. ती घरातल्या बायकांची होती आणि तिचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं, एवढंच. शहाबादी फरशी आणि पुढे सिमेंटची रंगीत टाइल घरात आली, तेव्हा कितीतरी आज्या-पणज्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. शेणाच्या जमिनीबद्दल हळवं होणाऱ्यांनी एकदा गुडघ्यांवर बसून आख्खी माडी सारवून बघावी.

हे सगळं मी एवढं खोदत बसलो त्याला कारण होतं. सातारा जिल्ह्यातलं आमचं दुमजली घर उतरवायचं ठरलं. दरवाजाच्या चौकटीवर शके १८३४ कोरलेलं, म्हणजे इसवी सन १९१२. माडीवरची माती खाली ढकलल्यावर एकोणचाळीस फळ्या निघाल्या. वरून काळ्या, धुळीने भरलेल्या. सुताराने एकीवर रंधा मारला आणि आतून सोनेरी साग बाहेर आला, वासासकट. एकशे दहा वर्षं या फळ्यांवर कुणाचा पाय पडलाच नव्हता. माती झिजत होती, सारवली जात होती. लाकूड खाली शाबूत होतं.

भावाचं म्हणणं, फळ्या विकून टाकू आणि त्या पैशांत पुण्याच्या फ्लॅटला झकास लॅमिनेट घालू. आत्याचं म्हणणं, “रंगूनी साग आहे रे तो, असा पुन्हा मिळायचा नाही.” आईने माझ्याकडे बघून सांगितलं, “तू वाचतोस ना सारखा? मग नीट चौकशी कर आणि सांग.” ही ती चौकशी.

राजवाड्यातलं सांडपाणी

लाकडी फरशीच्या इतिहासातलं सगळ्यात नावाजलेलं पान फ्रान्समधलं आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईने दालनांमध्ये संगमरवर घातला होता. दिसायला देखणा, पण तो धुवावा लागे. धुतलं की पाणी सांध्यांतून खाली झिरपे आणि मजला तोलणाऱ्या लाकडी तुळया कुजत. १६८४च्या सुमारास तिथं संगमरवर काढून ओक लाकडाचं पार्केट बसवायला सुरुवात झाली. साधारण मीटरभर लांबी-रुंदीच्या चौकटी, आत तिरक्या विणलेल्या पट्ट्या. आजही ‘व्हर्साय पार्केट’ याच नावाने ती नक्षी विकली जाते.

म्हणजे जगातली ही सगळ्यात श्रीमंत लाकडी फरशी पाण्याला कंटाळून आली. ती धुवायची नव्हती. मेण लावून घासायची होती. त्यासाठी वेगळे नोकर असत. ते पायाला ब्रश बांधून खोलीभर पाय घासत फिरत. पाण्याचं काम गेलं आणि त्याजागी मेणाचं आलं, करणारे हात तेवढे बदलले.

हे हात चित्रात यायला आणखी दोनशे वर्षं लागली. गुस्ताव्ह कायबोट या फ्रेंच चित्रकाराने १८७५ मध्ये पॅरिसमधल्या एका घरात लाकडी जमीन तासणारे तीन कामगार रंगवले. उघड्या अंगाने, गुडघ्यांवर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने ते चित्र नाकारलं. पुढच्या वर्षी ते इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लागलं आणि आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. फ्लोअरिंग घेणाऱ्या प्रत्येकाने ते फोनवर एकदा बघावं. भरीव लाकडाची फरशी पुन्हा नवी कशी होते, याचं उत्तर त्यात आहे : वरचा थर तासून. अर्थात कुणीतरी तो तासल्यावर.

सागासाठी झालेली लढाई

युरोपकडे ओक होता, आपल्याकडे साग. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. शिवाय हवेतल्या ओलाव्याने तो कमी फुगतो-आकसतो. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रेड ओकची फळी रुंदीत साडेआठ टक्क्यांपर्यंत आकसू शकते. साग पाच-सहा टक्क्यांवर थांबतो. गंमत म्हणजे कठीणपणात साग ओकपेक्षा थोडा मऊच आहे. त्याची ताकद कठीणपणात नाही, स्थिर राहण्यात आहे.

या गुणांमुळे साग आधी जहाजांना लागला. मराठ्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याची सूचना आहे. साग तोडायचा तो परवानगीने. आंबा-फणसाला मात्र हात लावायचा नाही, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. लाकडामागे कुणाचं तरी नुकसान असतं, ही जाणीव तीनशे वर्षांपूर्वीच्या राजनीतीच्या ग्रंथात आहे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारच्या सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. पण ब्रिटिशांची भूक एवढी होती की १८०६ मध्येच मलबारच्या जंगलांवर खास अधिकारी नेमावा लागला. तरी जंगल पुरेना. १८४०च्या दशकात कलेक्टर कोनोली आणि चातू मेनन यांनी केरळमध्ये निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. जगातली पहिली सागबाग म्हणून तिचं नाव घेतात. आणि साहेबाची नजर बंगालच्या उपसागरापलीकडे गेली.

ब्रह्मदेशातला साग कापण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं कोवळं लाकूड गोल कापून झाड उभंच मारत आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळू देत. मग ते तोडून हत्तींकडून ओढत नदीपर्यंत आणत आणि पावसाळी पाण्यात सोडून देत. ओंडके तरंगत रंगूनला पोचत. तिथून जहाजाने मुंबईला.

या धंद्यातली मोठी कंपनी मुंबईचीच होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, स्थापना १८६३. पुढे ही कंपनी वाडिया समूहाकडे आली, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी सागाची जहाजं बांधली त्यांच्याकडेच. १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या दरबाराने या कंपनीवर ठपका ठेवला : जंगलातून नेलेले ओंडके कमी दाखवले, कर बुडवला. दंड ठोठावला सुमारे तेवीस लाख रुपये. ब्रिटिशांना उत्तर ब्रह्मदेश हवाच होता, तिथं वाढणारं फ्रेंचांचं वजन त्यांना खुपत होतं. दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये फौजा नदीतून वर निघाल्या आणि पंधरवड्यात मंडाले पडलं. सागाच्या लाकडातल्या त्या राजवाड्यातून थिबा राजाला राणीसह बाहेर काढलं आणि १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस सहलीत बघितलेला असतो, पण राजा इथं का आला हे बहुतेकांना माहीत नसतं. तो आला त्याच्या मुळाशी ओंडक्यांचा हिशोब होता. पॅलेसमध्ये राहायला जाईपर्यंत १९१० उजाडलं, म्हणजे रत्नागिरीत चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली. त्या पॅलेसमध्येही ब्रह्मी सागच वापरला आहे. १९१६ मध्ये थिबा तिथंच वारला आणि रत्नागिरीतच त्याची समाधी आहे.

त्याच काळात मुंबईच्या चाळी, गिरगावातली घरं, बंगल्यांचे जिने आणि देशावरच्या वाड्यांच्या माड्या सागात उभ्या राहत होत्या. ‘बर्मा टीक’ हा शब्द प्रतिष्ठेचा झाला. आमच्या चौकटीवरचा शके १८३४ हा त्याच वर्षांतला. आत्या अभिमानाने ‘रंगूनी’ म्हणते तेव्हा तिच्याही नकळत त्या शब्दात एक हरलेलं राज्य असतं.

ही गोष्ट संपलेली नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका आणि युरोपीय संघाने निर्बंध लादले. आज बाजारात ‘टीक’ म्हणून येतो त्यातला बराचसा माल घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका अशा देशांतल्या लागवडीतला असतो. झाड वीस-पंचवीस वर्षांचं, बाहेरचं फिकं लाकूड जास्त, तेल कमी. नाव तेच, पण शंभर वर्षं जंगलात उभा राहिलेला साग वेगळा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग चांगला आहे, मात्र तो लिलावातून येतो आणि त्याची किंमत मोजावी लागते.

कमी लाकडात जास्त जमीन

भरीव लाकडाची अडचण अशी की ते मेल्यावरही श्वास घेत राहतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि हे मुख्यतः रुंदीत होतं. लांबीत जवळजवळ नाहीच. थंड देशांत हिवाळ्यात घरं तापवली की हवा कोरडी होते आणि फळ्यांमध्ये भेगा पडतात.

स्वीडनच्या केअर्स कंपनीतल्या गुस्ताफ केअर यांनी यावर थरांचा उपाय काढला. वर चांगल्या लाकडाचा थर, खाली स्वस्त लाकडाचे थर, आणि प्रत्येक थराच्या रेषा आधीच्या थराला आडव्या. एक थर फुगायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. १९४१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. यालाच आज ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हणतात. यात फसवणूक काही नाही, वरचं लाकूड खरंच असतं. प्रश्न एवढाच, ते किती जाड आहे? वरचा थर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असेल तर तो एकदाही तासता येत नाही. तीन-चार मिलिमीटरचा असेल तर जन्मात दोन-तीनदा तासून नवा करता येतो. भरीव फळीला वरच्या बाजूला पाच-सहा मिलिमीटर तासण्याजोगं लाकूड मिळतं, त्यामुळे ती पिढ्या काढते.

लाकडाचा फोटो

तिसरा प्रकारही स्वीडनचाच. पेर्स्टॉर्प ही कंपनी टेबलांवर बसवायचे चकचकीत पत्रे बनवायची. आपण त्याला सरसकट ‘सनमायका’ म्हणतो तोच प्रकार. १९७७ मध्ये त्यांनी तोच पत्रा जमिनीवर आणला. खाली लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, त्यावर लाकडाचा छापलेला फोटो, आणि त्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर. ‘पेर्गो’ नावाने तो १९८४ मध्ये बाजारात आला. नव्वदच्या दशकात पट्ट्या डिंकाशिवाय एकमेकींत ‘क्लिक’ करून बसवायची युक्ती निघाली आणि घरमालकच रविवारी खोली उरकू लागला.

लॅमिनेटला मी नावं ठेवणार नाही. ते स्वस्त आहे, ओरखड्यांना भरीव सागापेक्षा टणक आहे, भाड्याच्या घरात दोन दिवसांत बसतं. पण सांध्यात पाणी शिरलं की आतला बोर्ड फुगतो आणि वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. आणि फोटो झिजला तर खाली दुसरा फोटो नसतो. ही फरशी नवी होत नाही, बदलावी लागते.

चौथा प्रकार, एसपीसी, तर लाकूडच नाही : चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, वर पुन्हा फोटो. प्लास्टिकची जमीन नवी नाही. पीव्हीसी लवचीक करण्याचा शोध अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये लावला होता. एसपीसी पाण्याला घाबरत नाही, हा मोठा गुण. पण तीही झिजली की जाणार कचऱ्यात.

एका ओळीत मांडलं तर असं दिसतं : शेणाची जमीन दर आठवड्याला नवी व्हायची, भरीव लाकूड दहा-वीस वर्षांनी होतं, इंजिनिअर्ड जन्मात एक-दोनदा, लॅमिनेट आणि एसपीसी कधीच नाही. जसजशी मेहनत कमी होत गेली, तसतशी दुरुस्तीही नाहीशी होत गेली. यात वाईट वाटण्यासारखं सगळंच नाही. आठवड्याची ती मेहनत ज्यांच्या गुडघ्यांवर होती, त्यांना विचारून बघा.

मग आम्ही काय केलं

आपल्या घरातली अडचण व्हर्सायची किंवा स्वीडनची नाही. आपल्याकडे हिवाळ्यात घर तापवत नाहीत. आपल्याकडे जुलै असतो. उघड्या खिडक्या, दमट हवा, तळमजल्याला ओल आणि वाळवी. शिवाय आपण फरशी पुसतो ती ओल्या फडक्याने, बादलीत बुडवून. या सवयीला खरं लाकूड आणि लॅमिनेट दोन्ही पुरे पडत नाहीत. त्यामुळे स्वयंपाकघर, देवघरासमोरची जागा, बाल्कनीजवळचा भाग इथं टाइलच बरी, हे आम्ही तिघांनी भांडणाशिवाय मान्य केलं.

उरल्या फळ्या. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणजे ओलीची भीती कमी. सुताराने सांगितलं, फळ्यांतले खिळे आधी एकेक करून उपटावे लागतील, नाहीतर मशीनचं पातं जाईल; मजुरी नव्या लाकडापेक्षा जास्त पडेल. ती पडली. एकोणचाळीसपैकी सात फळ्या टोकाला किडलेल्या निघाल्या. बत्तीस फळ्यांमध्ये एकच खोली झाली, आईची. कडेने फुगायला जागा सोडली आणि ती पट्टीखाली झाकली. खिळ्यांची भोकं तशीच ठेवली. हॉलमध्ये भावाने त्याला हवं ते लॅमिनेट घातलं, आणि त्याच्या दोन वर्षांच्या मुलीच्या खेळण्यांपुढे ते उत्तम टिकतंय.

आत्या येऊन खोलीत अनवाणी फिरली. म्हणाली, “आमच्या वेळी हे लाकूड छताला होतं. आम्ही झोपून बघायचो.” मग वाकून तिने एका भोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “पुसता कशाने?” आईने कोरडं फडकं दाखवलं.

दुकानात जाल तेव्हा

घर घेणाऱ्या किंवा घराचं काम काढणाऱ्या मित्रांना मी आता तीनच प्रश्न विचारायला सांगतो. वर खरं लाकूड किती मिलिमीटर आहे? ते लाकूड कुठल्या देशातून, कुठल्या कागदपत्रांसह आलं? आणि पंधरा वर्षांनी हे झिजलं तर तासता येईल की उचलून टाकावं लागेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुकानदार लगेच देतो. तिसऱ्याचं थोडं आढेवेढे घेऊन. दुसऱ्याला बहुतेकदा ‘इम्पोर्टेड आहे, सर’ एवढंच उत्तर मिळतं. तिथं थांबू नका. कागद मागा. एका राज्याचा शेवट ओंडक्यांच्या चुकीच्या मोजणीच्या आरोपापासून सुरू झाला होता. आपल्या एका खोलीपुरता हिशोब तरी नीट मागायला हरकत नाही.